नरारा की मालवण? बडोद्याहून समुद्री जीव बघायला निघण्यापूर्वी

बडोद्यातल्या मराठी घरात 'समुद्रावर जाऊ' असं कुणी म्हटलं, की बाकीचे आपोआप 'मालवण' म्हणतात. चार-पाच पिढ्यांपूर्वी गायकवाडांच्या चाकरीला आलेल्या घरांना कोकणाशी नातं सांगायला एवढं निमित्त पुरतं. आमच्याकडेही हेच चालायचं. पण मुलांना पाण्यातले जीव दाखवायचे असतील, तर एका रात्रीच्या प्रवासावर नरारा आहे. आमच्या दांडिया बाजारातल्या निम्म्या शेजाऱ्यांनी ते नावही ऐकलेलं नव्हतं. मी दोन्हीकडे जाऊन आलोय. मांजलपूरची मावसबहीण दिवाळीसाठी विचारतेय, तर तिच्या निमित्ताने सगळ्यांसाठीच लिहितो.

नरारा म्हणजे कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरची, वाडीनारजवळची उथळ प्रवाळभूमी. जामनगरहून साधारण साठ किलोमीटर. लोक तिला बेट म्हणतात, पण गाडी थेट जाते. होडी लागत नाही. हा भाग सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो. 1980 मध्ये अभयारण्य आणि 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेलं हे देशातलं पहिलं सागरी उद्यान, आणि त्यात 42 बेटं आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, 29 चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे खडक हा त्याचा परिसर.

कागदावर दोन्ही 'संरक्षित'. बघण्याची तऱ्हा मात्र अगदी वेगळी. मालवणात तुम्ही पाण्यात उतरता. नराऱ्यात पाणीच बाजूला होतं आणि तुम्ही समुद्राच्या तळावरून चालता.

म्हणून नराऱ्याचा बेत कॅलेंडरच्या सुट्ट्या बघून करायचा नाही, कालनिर्णय उघडून तिथी बघायची. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हे कळत नव्हतं. ऑफिसची सुट्टी अष्टमीच्या आसपास जुळली आणि आम्ही निघालो. अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. शे-दोनशे पावलं चाललो, चार खेकडे आणि खूप चिखल बघितला नि परत आलो. बायको वाटेत जामखंभाळियाच्या चहावाल्यापाशी एवढंच म्हणाली, "खेकडे तर खंडेराव मार्केटातही दिसतात."

दुसऱ्या वेळी पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला गेलो. उधाणाची ओहोटी. समुद्र इतका मागे सरकला होता की लाटांची पांढरी रेघ लांब कुठेतरी दिसत होती. घोट्याएवढ्या पाण्यातून वनखात्याच्या यादीतला वाटाड्या पुढे आणि आम्ही बदकांसारखे एका रांगेत मागे. पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही, कारण डोळ्यांना सवय नसते. मग एकदा कळलं की दिसायलाच लागतं. शेवाळलेला दगड वाटतो ते मेंदूसारख्या वळ्यांचं प्रवाळ असतं, फाटकी चिंधी वाटते ते समुद्रफूल, आणि वाळूत पडलेलं काळं वांगं म्हणजे समुद्री काकडी. एका कपारीच्या तोंडाशी शिंपल्यांचे तुकडे विखुरले होते. वाटाड्या तिथे उकिडवा बसला आणि आम्हाला थांबायला सांगितलं. दोन मिनिटांनी कपारीतून एक सोंड बाहेर आली, मग दुसरी. ऑक्टोपस. खरकटं दारात टाकायची त्याला सवय असते, त्यावरूनच त्याचं घर ओळखतात. बाहेर येताना तो करडा होता, वाळूवर आला तसा पिवळसर झाला. माझा मुलगा एरवी मोबाइल खाली ठेवत नाही. तेव्हा त्याला फोटो काढायचं सुचलंच नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. आमच्या पुढच्या गटातल्या वाटाड्याने फुग्या मासा पाण्याबाहेर काढून सगळ्यांच्या हातात फिरवला. पाण्यात तो पाणी पिऊन फुगतो. बाहेर काढला की हवा गिळतो, आणि ती हवा बाहेर टाकणं त्याला जड जाऊ शकतं. आपल्या वाटाड्याला निघतानाच सांगायचं: काही उचलू नका, आम्ही वाकून बघू. ऐकतात. आणि जिवंत प्रवाळावर पाय नको. वाळूवरच पाऊल टाकायचं, तो जिथे टाकतो तिथेच.

भरतीच्या वेळेचा कोकणी हिशेब तुम्हाला ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. मालवणात तो थोड्याफार फरकाने जमतो. कच्छच्या आखातात तो जसाच्या तसा लावू नका. पाणी आत पोचायला वेळ घेतं, भरती उशिरा येते. निघण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, किंवा जामनगरच्या वन कार्यालयात विचारा. पाणी परत फिरलं की वाटाडा 'चालो' म्हणतो. तेव्हा आणखी एका फोटोसाठी रेंगाळायचं नाही.

मालवणबद्दल माझं मत थोडं कडवट आहे, ते तेवढ्यापुरतंच घ्या. किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केलं. मुखवटा लावून तोंड पाण्यात घातल्यावर निळे-पिवळे पट्टेरी मासे अगदी नाकासमोरून जातात. पोहता न येणाऱ्यालाही हे जमतं, ही मोठी सोय. पण आमच्या होडीवाल्याने मासे जमावेत म्हणून पाव कुस्करून टाकला, आणि दमलेली माणसं खालच्या प्रवाळावर सरळ उभी राहत होती. अभयारण्यात असं बघून वाईट वाटलं. पाणीही रोज स्वच्छ नसतं. पावसानंतरचा गढूळपणा दिवाळीतही राहिलेला असू शकतो. डिसेंबर ते फेब्रुवारी त्या मानाने बरे. डॉल्फिन सकाळी लवकर निघाल्यास दिसण्याची शक्यता जास्त. पाठीवर कुबड असलेले हे करडे डॉल्फिन उड्या मारून दाखवत नाहीत, पाठ आणि पाठीवरचा पर दाखवून जातात. होडीने त्यांचा पाठलाग करायचा नाही. इंजिन बंद करून थांबायला तयार असलेला होडीवाला शोधा.

पण मालवणात जीव दिसले नाहीत तरी सहल फुकट जात नाही. सुरमईचं ताट आहे, सोलकढी आहे, महाराजांचा किल्ला आहे. नराऱ्यात ओहोटी चुकली की काहीही उरत नाही. ना सावली, ना खायला. पाणी आणि डबा सोबत न्यावा लागतो, आणि वाटेत तेलशुद्धीकरण कारखान्याच्या चिमण्या दिसतात, ते दृश्य काही कुणी घरी सांगण्यासारखं नाही.

प्रवासाचं सांगायचं तर मालवण बडोद्याहून साधारण नऊशे किलोमीटर. रेल्वेने जायचं तर कुडाळ किंवा कणकवलीला उतरावं लागतं, आणि आपल्याकडून थेट गाड्या मोजक्या. चार दिवसांखाली उरकत नाही. नराऱ्यासाठी तारापूर-वटामण-बगोदऱ्यावरून गाडीने जामनगर चारशेच्या आसपास, नाहीतर मध्यरात्रीनंतर येणारी सौराष्ट्र मेल. दोन दिवस पुरतात. तिसरा असेल तर जामनगरजवळचं खिजडिया पक्षी अभयारण्य बघा. बांधाच्या एका अंगाला गोडं पाणी, दुसऱ्या अंगाला खारं. ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असल्याचं 2022 मध्ये जाहीर झालं. घरात सासूबाई असतील तर पुढे द्वारका, आणि 2024 मध्ये सुरू झालेल्या सुदर्शन सेतूवरून बेट द्वारका. त्यांना नराऱ्याच्या निसरड्या खडकांवर मात्र नेऊ नका. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी मालवणच धरावं.

बाकीच्यांना मी नराराच सांगेन, आणि दिवाळीत तर नक्कीच. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे उधाण दाराशीच. भाऊबीज ते चतुर्थी या दिवसांत ओहोटी सकाळी उजेडात, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान यायला हवी. कोष्टकावर ताडून घ्या. लाभपाचमीपर्यंत बडोद्यात दुकानं तशीही बंदच असतात. जामनगरात खोली मात्र आधी सांगून ठेवा, कारण निम्मं गुजरात तेव्हा द्वारकेला निघालेलं असतं. पायात जुने कापडी बूट, लेसने घट्ट बांधलेले. चपला चिखलात राहतात. माझी डावी अजून तिथेच आहे.