बोर्ड नवे, वायरी जुन्याच : आमची झालेली फसवणूक

आमच्या घराचं वायरिंग सासऱ्यांच्या काळातलं, किटकॅट फ्यूजचं. गीझर आणि इस्त्री एकदम लावली की फ्यूज उडायचा. म्हणून सगळं वायरिंग नव्यानं करून घ्यायचं ठरवलं. ओळखीतून एक वायरमन मिळाला. "वहिनी, निर्धास्त राहा, आता बघायलाच नको," म्हणाला. तीन दिवसांत काम आटोपलं. नवे बोर्ड, नवी बटणं, फ्यूजच्या जागी एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. पैसे मात्र पूर्ण घराच्या वायरिंगचे घेतले, वायरच्या बंडलांसकट. पाइपातून वायर ओढताना आम्ही कुणीच समोर उभे नव्हतो.

चार महिन्यांनी सासूबाईंना स्वयंपाकघरात करपट वास यायला लागला. दोन दिवस आम्ही गॅसवर काहीतरी लागलं असेल म्हणून सोडून दिलं. मग त्यांनीच बोर्डाला हात लावून पाहिला, तर प्लेट चांगलीच गरम. मेन स्विच पाडला आणि दुसऱ्या वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडला आणि म्हणाला, "ताई, जरा इकडे या." पुढे दिसणारी लाल वायर नवी कोरी, पण वीतभरच. मागे टेपचा गोळा आणि त्यात पिळलेली जुनी ॲल्युमिनियमची वायर. त्यानं ती चिमटीत धरली तर वरचं आवरण पापुद्र्यासारखं गळून पडलं. तांबं आणि ॲल्युमिनियम असं नुसतं पिळून जोडलं की जोड गंजतो, सैल होतो आणि तापत राहतो. वास त्याचाच होता.

त्याहून भयंकर म्हणजे एमसीबी 32 अँपिअरचा होता. आता काही पडत नाही म्हणून आम्ही समाधानात होतो! एमसीबी असतो तो वायर वाचवायला. ती जुनी वायर 15-16 अँपिअरच्या वर सोसणारी नव्हती. दुप्पट करंट गेला तर उष्णता चौपट होते, आणि 32 चा एमसीबी तेवढ्याला पडतच नाही. वायर भिंतीत जळत राहिली असती.

अर्थिंगचीही तीच गत. काम झाल्यावर पहिल्या वायरमननं फेज आणि अर्थच्या भोकात टेस्ट लॅम्प लावून दाखवला होता. दिवा लख्ख लागला, आम्ही मान डोलावली. खरं तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) बसवलेला असताना अर्थिंग नीट असतं, तर दिवा लावताक्षणी तो पडायला हवा होता. त्यानं बोर्डातच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून दिली होती. अशा जोडणीत मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गीझरच्या, फ्रिजच्या पत्र्यात थेट फेज उतरतो. घरात लहान मूल आहे, त्या विचारानं अजून झोप उडते.

जुन्या घराचं काम काढलंत तर वायर ओढताना स्वतः उभे राहा. काढलेल्या जुन्या वायरींचा ढीग डोळ्यांनी बघा; ढीग नसेल तर वायरी भिंतीतच आहेत. शेवटचे पैसे देण्याआधी दोन-तीन बोर्ड उघडायला लावा, मेगर नावाचं मीटर लावून वायरींचं इन्सुलेशन, म्हणजे आवरण, तपासून घ्या आणि प्रत्येक एमसीबी किती अँपिअरचा, त्यामागची वायर किती जाडीची, हे लिहून मागा. ते लिहून द्यायला पहिला वायरमन तयार झाला नसता, असं मला आता वाटतं.

आमच्या दोन खोल्यांच्या वायरी अजून ओढायच्या राहिल्यात. तोवर तिथला एमसीबी खाली पाडून, वर चिकटपट्टी लावून ठेवलाय.