फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सर: डिप्रेशनची गोळी सुरू होताना घ्यावा का?

डायबिटीस असलेल्या माणसाला सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात घाम फुटणं, हात थरथरणं, छातीत धडधडणं हे त्रास होऊ शकतात. शुगर उतरल्यावरही नेमकं हेच होतं. मग एकतर घरचे घाबरून साखरपाणी पाजतात आणि शुगर उगाच चढते, नाहीतर ‘गोळीचा त्रास आहे, जाईल दोन दिवसांत’ म्हणत खरोखर उतरलेली शुगर अंगावर काढली जाते. यातला दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. या गोळ्यांमुळे काहींची शुगर थोडी खालीही येते, आणि जोडीला इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी डायबिटीसची गोळी) असेल तर ती ७० (मिग्रॅ/डेसीलिटर) च्या खाली जायला वेळ लागत नाही.

अ‍ॅबट कंपनीचा हा १४ दिवसांचा सेन्सर, म्हणजे दंडाला चिकटवायची शुगर मोजणारी चकती, इथे खरा कामाला येतो. (हे परीक्षण अलार्म नसलेल्या मूळ मॉडेलचं आहे.) घाम फुटला की फोन दंडाजवळ न्यायचा. ११८ आणि आडवा बाण (म्हणजे शुगर स्थिर) दिसला, तर साखर खायची गरज नाही. ८२ आणि सरळ खाली बाण दिसला, तर आकडा चांगला असला तरी शुगर मिनिटाला २ पेक्षा जास्त वेगाने घसरते आहे, म्हणजे लगेच काहीतरी खायला हवं. साधा ग्लुकोमीटर ८२ दाखवून गप्प बसतो. हा बाणच या वस्तूचं खरं मोल आहे.

पहिल्या गोळीच्या दोन दिवस आधी सेन्सर लावा. पहिल्या २४ तासांतले आकडे थोडे इकडेतिकडे असतात, आणि गोळीआधीचा आलेख हाताशी असला तरच नंतरचा फरक कळतो. दंडाची मागची बाजू साध्या साबणाने धुवा. तेल, क्रीम काही नको. डब्यातल्या स्पिरिटच्या पट्टीने पुसून पूर्ण वाळू द्या आणि मगच दाबा. ६० मिनिटांनी आकडे सुरू होतात. सेन्सर फक्त ८ तासांची नोंद साठवतो, म्हणून झोपण्याआधी आणि उठल्याबरोबर स्कॅन करायलाच हवं, नाहीतर नेमका रात्रीचाच आलेख तुटतो. या गोळ्यांनी घाम वाढला आणि वर मुंबई-कोकणातली दमट हवा असली की चकतीची कड सुटते. कडेने मेडिकल टेप लावा, मधलं भोक मात्र झाकू नका.

आकडा फसवतो कुठे, तेही सांगायला हवं. सेन्सर रक्त मोजत नाही, कातडीखालचा द्रव मोजतो. त्यामुळे शुगर वेगाने बदलत असताना तो ५ ते १० मिनिटं मागे असतो. ७० च्या खाली गेल्यावर ३ चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घेतली, तर १५ मिनिटांनंतरची तपासणी बोट टोचूनच करा. सेन्सर अजून खालचाच आकडा दाखवत असेल आणि माणूस घाबरून दुप्पट साखर खाईल. सेन्सर लावलेल्या हाताच्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे खोटी ‘लो’ दिसते. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी आकडा खोटा वाढतो आणि खरी लो झाकली जाते. त्रास आणि आकडा जुळत नसतील तर बोट टोचावं. आणि घबराटीसाठी प्रोप्रानोलॉल (धडधड कमी करणारं औषध) दिलेलं असेल, तर लो शुगरची थरथर आणि धडधड दबते, घाम तेवढा येतो. अशा माणसाने नुसत्या लक्षणांवर विसंबूच नये.

आलेखात सकाळी अकराच्या सुमाराला रोज खड्डा दिसू लागला, तर कारण बहुधा असं असतं: सर्ट्रालिनने मळमळतं, नाश्ता अर्धा राहतो, पण ग्लिमेपिराइड ठरल्याप्रमाणे पोटात गेलेलं असतं. सर्ट्रालिन जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. ग्लिमेपिराइडची मात्रा कमी करायची का, हे तो आलेख दाखवून डॉक्टरांना विचारा. स्वतःहून कुठलीच गोळी बंद करू नका. डिप्रेशनची गोळी एकदम सोडली तरी चक्कर आणि घाम येतो, म्हणजे गोंधळ पुन्हा तोच.

किंमत मात्र जड आहे, एका सेन्सरला पाच हजारांच्या घरात. एकच परवडत असेल तर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवाल्याने तो सर्ट्रालिनच्या सुरुवातीला वापरावा. फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या दुसऱ्या गोळीला एक सेन्सर पुरत नाही. ते शरीरात आठवडेच्या आठवडे साचत राहतं आणि बंद केल्यावरही हळूहळू उतरतं, म्हणून त्यासाठी ग्लुकोमीटरवर महिनाभर ठरलेल्या वेळा पाळणं बरं. मिर्टाझापिन या आणखी एका डिप्रेशनच्या गोळीचा प्रश्न भूक आणि वजनाचा आहे. तिथे आठवड्याला एकदा वजनकाटा आणि फास्टिंग शुगर जास्त सांगतात. पायांच्या जळजळीसाठीही देतात त्या ड्युलोक्सेटिनने फास्टिंग थोडी वाढू शकते, पण तो बदल हळू होतो आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीत दिसतो. डायबिटीससाठी नुसतं मेटफॉर्मिन चालू असलेल्याची शुगर सहसा धोकादायक उतरत नाही. त्याने सेन्सरऐवजी ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपचा एक डबा घ्यावा, आणि सर्ट्रालिनसोबत जुलाब वाढले तर मेटफॉर्मिनचा सावकाश विरघळणारा प्रकार चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं.