उतारावरची माती: सलग समतल चर की चराईबंदी?

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर बेसाल्ट झिजून मुरूम आणि मुरमातून माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. उघड्या डोंगरावर ती वळवाच्या दोन-चार सरींत ओढ्याला लागते. पाणलोटात काम करणाऱ्या गावापुढे मग दोन पर्याय येतात: उताराला आडवे, एकाच पातळीवर खणलेले सलग समतल चर किंवा डोंगरावर जनावरं चारायला बंदी.

सलग समतल चराचा परिणाम पहिल्याच पावसाळ्यात दिसतो. साधारण 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल चरात पाणी थांबतं, गाळ बसतो, विहिरींना आधार मिळतो. पण आखणी समपातळीतच हवी. एका टोकाला उतार राहिला की सगळं पाणी तिकडे धावतं, चर फुटतो आणि तिथेच घळ पडते. शिवाय चर माती अडवतो, घडवत नाही. दोन-तीन वर्षांत तो गाळाने भरतो.

चराईबंदीला खर्च कमी, भांडणं जास्त. शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या घरांना कापून नेण्यासाठी गवताचा वाटा आधी ठरवून दिलाच पाहिजे. नाहीतर ती बंदी अन्यायाची ठरते. मात्र पवना, मारवेल ही चांगली गवतं परतली की मुळं माती धरतात, पाला कुजून सेंद्रिय कर्ब वाढतो. नुसतं कुसळी गवत माजलेलं दिसलं, तर तिथे आधी अतिचराई झाली असावी किंवा वणवे लागत असावेत; तेवढ्यावरून चराई अजून चालू आहे असं ठरवता येत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने दोन्ही केलं. पैसा एकालाच पुरणार असेल, तर मी मध्यम उतारावर आधी चराईबंदीच निवडेन. घळी पडू लागलेल्या उतारावर मात्र चर आणि दगडी बांधांना थांबून चालणार नाही.