सॅम्पल पीयूचं, बंडल पीव्हीसीचं

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमची तीन मोल्डिंग मशिनं आहेत. काम बहुतेक ३० टक्के ग्लास असलेल्या नायलॉनचं. त्या दाण्यांतली काच होजला आतून कानशीसारखी खाते, म्हणून दाणे सुकवणाऱ्या ड्रायरपासून मशिनवरच्या हॉपरपर्यंतचा होज (लवचिक नळी) पीयूचाच, म्हणजे पॉलियुरेथेनचाच लागतो, आणि जाड लागतो. हे सगळं माहीत असून फसलो.

विकणारा शेडवर आला तोच मराठीत बोलत. "काका, तुम्ही दांडिया बाजारचे ना?" दांडिया बाजार म्हणजे इथली मराठी वस्ती. बडोद्यात दिवसभर गुजराती-हिंदीत धंदा करणाऱ्याला एवढं पुरतं. मीटरमागे शंभर रुपये कमी लावले आणि वीतभर तुकडा हातात दिला. व्हर्नियर लावला, जाडी १.४ मिमी. आत तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार. मुरगाळून सोडला की उसळून सरळ. मी ३० मीटर सांगून टाकला, निम्मे पैसे आगाऊ.

बंडल आलं त्या दिवशी मी गावात नव्हतो. फिटरने जोडून टाकलं. दुसऱ्याच दिवसापासून लोडर (व्हॅक्यूमने दाणे ओढून हॉपरमध्ये टाकणारं यंत्र) 'माल नाही' म्हणून ओरडायला लागला. आम्ही मोटर खोलली, फिल्टर झटकले, दोन दिवस घालवले. नायलॉन आम्ही ८० अंशांवर सुकवतो. व्हॅक्यूम सुरू झाला की तापलेला होज वळणावर चपटा होत होता, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याच वळणाला बाहेरच्या बाजूने भोक पडलं आणि दाणे शेडभर.

मग तांब्याची तार लाल करून होजला टेकवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार. म्हणजे क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. सॅम्पलच्या तुकड्यावर हिरवं काही आलं नाही. (हे उघड्यावरच करा, धूर घशाला झोंबतो.) जाडी निघाली ०.९. लोहचुंबक चिकटेना, कारण आत तार नव्हतीच. तांबूस रंगाचं कडक प्लास्टिक गुंडाळलेलं, लांबून तारच वाटावी असं. दाणे घासून होजवर वीज साठते; ऑपरेटर इतके दिवस झटके बसतात म्हणून कुरकुरत होता, ते यामुळे. एरवी तारेचं टोक सोलून मशिनच्या बॉडीला जोडून अर्थिंग देतात. इथे तारच नाही, तर अर्थिंग कशाला देणार?

फोन केला. "काका, बिलात पीयू कुठे लिहिलंय?" खरंच नव्हतं. 'फ्लेक्सिबल होज, पारदर्शक', एचएसएन (जीएसटी बिलावरचा मालाचा कोड) ३९१७. पीव्हीसीचा असो की पीयूचा, प्लास्टिकचा होज ३९१७ मध्येच बसतो. त्यानंतर फोन उचलणंही बंद.

आता ऑर्डरवर मटेरियल, जाडी, आतला व्यास आणि पोलादी तार, चारही लिहितो. सॅम्पलवर विकणाऱ्याची सही घेऊन ते कपाटात ठेवतो. बंडल टेम्पोतून उतरायच्या आधी मधूनच तुकडा कापतो, टोकाचा नाही. सोबत चुंबक आणि लायटर. ड्रायव्हर वैतागतात.

उरलेला होज जमीन झाडायच्या व्हॅक्यूमला लावलाय. थंड धूळ ओढायला बरा चालतो.