झिंक ऑक्साइड की टायटेनिया? आधी रंगाचं पाणी बघा

कारखान्यांच्या सांडपाण्यातला रंग उन्हात तोडणारे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) हा विषय बडोद्यातल्या एमएस्सीच्या मुलांनी जरूर घ्यावा. नंदेसरीची रसायनांची वसाहत इतकी जवळ आहे. अडतं ते एवढ्यावरच, की कोणता ऑक्साइड करायचा, झिंक ऑक्साइड की टायटेनिया, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड?

उन्हाच्या बाबतीत दोघं सारखेच. बँड गॅप, म्हणजे कण कामाला लागायला प्रकाशाची किमान लागणारी ऊर्जा, साधारण ३.२ ते ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्यामुळे दोघांनाही अतिनील किरण लागतात आणि ते उन्हात जेमतेम ४-५ टक्के असतात.

करायला झिंक ऑक्साइड सोपा. झिंक ॲसिटेटच्या द्रावणात ढवळत ढवळत कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) थेंबाथेंबाने सोडायचं, पांढरा साका बसतो. तो धुवून, वाळवून ३००-४०० अंशांवर भाजायचा. धुण्यात मात्र कंटाळा नको. वरचं पाणी उदासीन होईपर्यंत धुवा, नाहीतर उरलेलं कॉस्टिक पुढची सगळी रीडिंग्ज बिघडवतं.

टायटेनियाची सॉल-जेल पद्धत (द्रावणाचं जेल करून ते भाजायचं) नाजूक. त्याचा कच्चा माल टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड महाग, शिवाय हवेतल्या ओलाव्यानेच त्याचं विघटन होतं. आपल्या पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर तोंडाशी पांढरी खपली धरते. हे काम हिवाळ्यातच उरकावं. भट्टी ४५०-५०० अंशांवर ठेवली की अनाटेज हे टायटेनियाचं स्फटिकरूप मिळतं; ६००च्या पुढे त्याचं रुटाइल हे दुसरं रूप होऊ लागतं, आणि ते बहुधा कमी काम करतं.

एवढ्यावर झिंकच घ्यावं वाटेल. पण ते आम्लातही विरघळतं आणि कडक अल्कलीतही. लोकर-नायलॉनच्या ॲसिड डायचं पाणी आम्लधर्मी असतं. त्यात झिंक टाकलं तर रंग जाईल, पण पाण्यात जस्त उतरेल आणि ते माशांना घातक. तिथे टायटेनियाच हवा, खर्च झाला तरी. सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह डायचं पाणी ११ पीएचच्या आसपास आणि भरपूर मिठाचं. त्याचा पीएच आधी ७-८वर आणा, मग झिंक चालेल. मीठ वेग कमी करतंच, ते गृहीत धरा.

कडुलिंबाच्या अर्काने कण करण्याची पद्धत मी सुचवणार नाही. पानं बदलली की कण बदलतात.

काहीही निवडा, पण पावडर टाकल्यावर अर्धा तास अंधारात ढवळा, म्हणजे नुसता पावडरीला चिकटलेला रंग तुटलेल्यात धरला जाणार नाही, आणि पावडरीविना एक बीकर शेजारी उन्हात ठेवाच. चाचणीसाठी नेहमी वापरतात तो मिथिलीन ब्लू हा निळा रंग उन्हात आपोआपही फिका होतो. तो ६६४ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजण्याआधी नमुना सेंट्रिफ्यूज करा (वेगाने फिरवून कण तळाशी बसवा), कारण तरंगते कण प्रकाश अडवतात.