बंदूक घेताना भरायचा सरकारी फॉर्म 4473 ईमेलने मागितला, तर समोरचा चोर आहे

534 डॉलर गेले, रायफल आली नाही. पैशांपेक्षा वाईट म्हणजे माझे कागद आता त्या हरामखोरांच्या हातात आहेत. अमेरिकेत पहिली .22 (छोट्या गोळीची रायफल) घ्यायला निघालेल्या आपल्या माणसांनी हे वाचाच.

मला रूगर 10/22 हवी होती. 1964 पासून बनते, वजन जेमतेम सव्वादोन किलो, खारी-सशांच्या शिकारीला इथे ओहायोत कितीतरी जणांकडे हीच दिसते. मित्राची चालवून पाहिली होती. तिचं दहा गोळ्यांचं फिरकीचं मॅगझिन दस्त्याच्या पोटात इतकं सपाट बसतं की खालून हात फिरवला तरी काही टोचत नाही. तेव्हाच ठरवलं, घ्यायची तर हीच. 1 सप्टेंबरला खारींचा हंगाम सुरू होणार होता, शिकारीचं लायसन्स काढून झालं होतं.

एका साइटवर अक्रोडाच्या दस्त्याची 189 डॉलरला दिसली. दुसऱ्या राज्यातलं दुकान, बंद करतोय म्हणून माल काढतोय म्हणे. पाठवणावळ 35. कार्ड नको, बँकेच्या अ‍ॅपमधून थेट पाठवा. बंदुकीचे व्यवहार बऱ्याच पेमेंट कंपन्या नाकारतात हे मला माहीत होतं, त्यामुळे त्यात वावगं वाटलं नाही. कार्डाने पैसे घेत नसेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो.

मग ईमेलने फॉर्म 4473 आला. भरून पाठवा, रायफल थेट घरी येईल. इथेच कळायला हवं होतं! तो फॉर्म लायसन्सवाल्या डीलरकडे स्वतः जाऊन भरायचा असतो. तो तुमचं ओळखपत्र बघतो, पार्श्वभूमी तपासतो, मगच बंदूक हातात देतो. परराज्यातून आलेली बंदूक आधी तुमच्या राज्यातल्या डीलरकडेच येते. पण फॉर्म हुबेहूब सरकारी होता. पहिल्यांदाच घेणाऱ्याने ओळखायचं कसं? जन्मतारीख, ग्रीन कार्डाचा ए-नंबर, सोशल सिक्युरिटी नंबर, सगळं भरून दिलं. सोशल सिक्युरिटी नंबर तर त्यात ऐच्छिक असतो.

त्यानंतर 310 डॉलर 'विमा', परत मिळणारा. तोही भरला. मग 450 मागितले, आणि नाही म्हटल्यावर धमकी: तुम्ही बेकायदा शस्त्र मागवलंत, कळवू का सरकारला? ग्रीन कार्डवाल्याच्या पोटात काय गोळा येतो ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. अशी धमकी आली तर एक सेंटही देऊ नका, मेसेज जपून ठेवा.

बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. मग ज्या खात्यात गेले ते खातं कुणी उघडू दिलं? पोलिसांनी रिपोर्ट नंबर दिला आणि वर विचारलं, दुकानातून का नाही घेतली? केंद्रीय तक्रार पोर्टलवर स्क्रीनशॉटसकट सगळं दिलं, पोच आली, पुढे शून्य. प्रत्येकाचं एकच, रक्कम लहान आहे. लहान कुणाला? अशा किती जणांचे घेतलेत त्यांनी, ते कोण मोजणार?

असा फॉर्म कुणी पाठवून बसला असाल तर आजच इक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीज करा, म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्याला कर्ज काढणं अवघड होतं, 2018 पासून फुकट आहे. पैसे देण्याआधी तुमच्या गावच्या डीलरला फोन करा, या विक्रेत्याकडून बंदूक उतरवून घ्याल का म्हणून. चोर तिथेच पळतो.

तीच रायफल, तोच फोटो, नव्या नावाच्या साइटवर आता 179 ला लागलाय.