बांबूच्या दांडीचा हातानं बनवलेला पाइप: सोलापूरचा उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगतो. बांबूची दांडी सोलापुरात टिकते. तडकत नाही, सैल पडत नाही आणि धूर खरंच कोरडा येतो. अट एकच: ड्रिल लावण्याआधी बांबू पुरता वाळलेला हवा. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्या सुमारास हा तंबाखूचा पाइप पुरा झाला, आता दिवाळी तोंडावर आलीय. मधल्या काळात बहुतेक संध्याकाळी गच्चीवर एकदा भरला. ज्यांना स्वतः बनवायचा आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा भाग, ब्रायर या लाकडाची आहे. भूमध्य समुद्राच्या काठी एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं, त्याच्या बुडाशी जमिनीत लाकडाची गाठ धरते. ती तासन्‌तास उकळतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात. घट्ट, उष्णता सोसणारं लाकूड. मी भोकं पाडलेला ठोकळा एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, माउथपीससकट मागवला, सगळ्यात जास्त पैसे त्यालाच गेले. बांबू जवळपास फुकटात पडला, पण खरी मेहनत त्यानंच घेतली.

परदेशी पाइपात बांबूचं जमिनीखाली आडवं पसरणारं मूळ वापरतात. आतून भरीव, गाठी जवळजवळ. आपल्याकडे बेटानं वाढणाऱ्या बांबूला तसं लांब मूळ नसतं. म्हणून मानवेल निवडला, ज्याच्या लाठ्या होतात तो. कोरड्या जमिनीवरचा मानवेल बराचसा भरीव असतो. ओळखीच्या बुरुडाला काय हवंय ते समजावलं, तर त्यानं ढिगातून बुडख्याकडचा एक तुकडा उपसला, टिचकी मारली आणि म्हणाला, "साहेब, हे घ्या. पोकळ वाजत नाही बघा." बोटभर लांबीत तीन गाठी. याहून चांगला तुकडा मला शोधून सापडला नसता.

ओल्या बांबूत पिठूळपणा असतो, त्यामुळे कीड लागते. बांधकामाच्या बांबूला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवतात. ज्यातून धूर ओढायचा तिथं तसलं काही नको, म्हणून हा तुकडा साध्या पाण्यात उकळला आणि पुढं वर्षभर माळ्यावर सावलीत वाळवला. उन्हात ठेवला की बाहेरची साल आधी आकसते, आतलं मागं राहतं आणि उभी चीर जाते. इथं घाई करायची नाही, हे मी आग्रहानं सांगेन.

भोक चार मिलिमीटरचं. गाठीवर ड्रिल हटकून सरकतं, त्यामुळे दोन्ही टोकांकडून पाडून मध्ये मिळवायचं. मिळालं की नाही ते पाइप क्लीनर, म्हणजे मऊ धागे गुंडाळलेली बारीक तार, घालून कळतं: कुठंही न अडकता सरळ वाटीच्या तळाशी निघाला पाहिजे. दोन्ही टोकांना स्टीलच्या नळीचे छोटे तुकडे बसवले. एक तुकडा ब्रायरमध्ये जातो, दुसऱ्यावर माउथपीस चढतं. नळी पूर्ण लांबीभर घालणारेही आहेत. मला ते पटत नाही. धातूवर वाफेचं पाणी होतं आणि ते आतच राहतं. उघडा बांबू ते पिऊन घेतो. बांबूची दांडी करायची ती त्यासाठीच. एपॉक्सी गोंद फक्त नळीच्या बाहेरच्या अंगाला, धुराच्या वाटेत एक थेंबसुद्धा नाही.

आता वापराचं. माझा आधीचा पाइप पूर्ण ब्रायरचा. त्यात अर्ध्यावर आलं की गुळगुळ आवाज सुरू व्हायचा आणि जिभेवर कडू पाणी यायचं. बांबूत हा आवाज फार क्वचित येतो. दांडी हाताला गार लागते, अगदी शेवटपर्यंत. उणी बाजूही आहे: बांबू ओल पितो तसा वासही पितो. सुगंधी तंबाखू एकदा भरली की पुढच्या दोन-तीन वेळा तिचा वास येत राहतो. म्हणून या पाइपला एकच तंबाखू ठरवून टाकली.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला तेव्हा मी रोज सांधा तपासत होतो. बांबू लांबीत जवळजवळ आकसत नाही, घेरात आकसतो. ब्रायर आणि बांबू मिळतात तिथं नख फिरवलं की बारीकशी पायरी लागायची. सांधा मात्र हलला नाही. जुलैत हवेत ओल आली आणि ती पायरी नखाला लागेनाशी झाली. पाइप दिवसभर गच्चीवर किंवा गाडीत ठेवणाऱ्यांची खात्री मी देणार नाही. उन्हानं एबोनाइटही हिरवट-तपकिरी पडतं, तोंडात गंधकाची चव येते. तसं झालंच तर पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर आणि वर मेण.

इथल्या उन्हाळ्यात तंबाखू पाइपपेक्षा जास्त त्रास देते. उघडी राहिली की एका दिवसात करकरीत होते, मग ती भरभर जळते आणि वाटी तापते. शेजारच्या मावशी विड्या वळतात. त्यांना हे सांगितलं तर लगेच म्हणाल्या, "भाऊ, आमचं पानसुद्धा रात्रभर ओलवल्याशिवाय वळत नाही." तेव्हापासून तंबाखू घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, आणि भरण्याआधी चिमूट दाबून बघतो: चिकटू नये, चुराही होऊ नये.

पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत, पण तोंडाच्या कॅन्सरचा धोका त्यातही आहे. घरात पोरं आहेत, म्हणून खाली कधीच पेटवत नाही. ज्यांना सवय नाही त्यांनी या लेखावरून सुरुवात करू नये, असं मनापासून वाटतं.

देखभाल थोडीच आहे. ओढून झाल्यावर पाइप पूर्ण गार होऊ द्यायचा, मगच माउथपीस काढायचं. गरम असताना पिळलं तर सांधा ढिला होतो. मग क्लीनर फिरवायचा आणि निदान दुसऱ्या संध्याकाळपर्यंत विश्रांती. वाटीच्या आत काजळीचा थर धरतो, तो पातळ ठेवायचा. वाढू दिला तर तापून फुगतो आणि लाकूड फाडतो. वॉर्निश लावू नका, उष्णतेनं फोड येतात. कार्नोबा मेण पुरतं, घामाच्या हातानं ते उतरतं तेव्हा पुन्हा घासायचं.

बुरुडाकडून मानवेलाचा आणखी एक बुडखा आणलाय, याच्या गाठी अजून जवळ आहेत. तो उकळून माळ्यावर टाकलाय आणि पुढचा मे महिना सरेपर्यंत त्याला ड्रिल लावणार नाही. कोणी माणग्याचा, म्हणजे कोकणातल्या भरीव बांबूचा, तुकडा वापरून पाहिला असेल तर सांधा उन्हाळ्यात कसा राहिला ते जरूर लिहा.